विमानाच्या नाकासमोर

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याचं वय अडतीस होतं. तो नांदेडहून सकाळच्या एसटीनं लातूरला माझ्याकडे आला होता. फोनवर त्यानं एवढंच सांगितलं होतं, की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाटल्यासारखे दिसतात आणि गोदामातल्या खोक्यांवरची अक्षरं लागत नाहीत. मला वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. कॉलेजात दोन तासांची सुट्टी टाकून मी त्याला माझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रातून बराच वेळ पाहिलं, आणि मग मोतीबिंदू म्हणाल्या. एवढ्या कमी वयात का, ते बघावं लागेल, असंही म्हणाल्या. डोळ्याला कधी मार लागला होता का, दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या का, घरात कुणाला साखर आहे का, असं एकेक विचारत गेल्या. भाऊ न्हाई न्हाई म्हणत मान हलवत होता. शेवटी तोच म्हणाला, "म्याडम, रडारनं होतं का हे?"

डॉक्टरांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं.

"विमानाच्या नाकात असतंय की, ढग बघायचं. त्याच्या म्होरं उभा राहिलो होतो म्या."

मी हसले. हे इथं लिहायलाच पाहिजे, की मी हसले.

डॉक्टर हसल्या नाहीत. किती वर्षांपूर्वी, किती वेळ, किती अंतरावर, असं त्यांनी विचारलं. अकरा वर्षं झाली, दोन-तीन मिनिटं, हाताला लागेल एवढ्या अंतरावर, असं त्यानं सांगितलं, आणि ते इतक्या झटकन सांगितलं, की मी त्याच्याकडे बघतच राहिले. तेव्हा चेहरा गरम झाला होता का, डोळे चुरचुरले होते का? न्हाई. डॉक्टर म्हणाल्या, ताकदीच्या रडारची लहर अंगावर पडली तर अंग आतून तापतं. डोळ्याच्या भिंगात रक्त फिरत नाही, त्यामुळे तिथली उष्णता लवकर निघून जात नाही, म्हणून डोळ्याला जपायला सांगतात. पण दोन-तीन मिनिटं, काही भाजलं नाही, दुखलं नाही, आणि मोतीबिंदू अकरा वर्षांनी. मी तरी ह्याचा ठपका रडारवर ठेवणार नाही. आधी साखर तपासून या.

साखर फार वाढलेली निघाली. केव्हापासूनची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तहान लागते, पायांना मुंग्या येतात, हे तो उन्हावर घालत आला होता.

रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडे जायचं होतं. नंबर यायला वेळ होता. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. थेंबांमुळे त्याला उजेड सहन होत नव्हता, तो डोळे मिटून होता. मी त्याला जरा रागानंच विचारलं, की हे रडारचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं?

तो डोळे न उघडता म्हणाला, "तूच म्हणली व्हतीस, आक्का."

* * *

आम्ही लातूरजवळच्या मुरुडचे. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी होती, आणि वडील तिच्यावरची धूळ रोज स्वतः पुसत. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी झाले आणि लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात लागले, तेव्हा वडिलांनी पेढे घेऊन सगळी शाळा हिंडून काढली. त्यानंतर आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा शेवटचा शब्द माझा झाला. गॅसची टाकी घरात कुठं ठेवायची, ताप आला तर कुठली गोळी, फ्रीजमधलं पाणी लेकराला द्यायचं का न्हाई, सगळं "आक्काला इचारा". मला ते आवडायचं. मी कधी म्हटलं नाही, की मला माहीत नाही.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. बारावीनंतर त्याचं शिक्षण पुढं सरकलं नाही. एका ठेकेदारामार्फत तो नांदेडच्या विमानतळावर लागला. विमान उतरून थांबलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, शिडी ढकलून आणायची, सामान उतरवायचं. पगार बेताचा होता, पण तो फार खूश होता. सुट्टीला आला की आईला बोटांनी दाखवायचा, विमान वळवताना हात कसे करतात ते. सत्ताविसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. मुलगी देवणीची. बारीक, सावळी, हातात कला असलेली. नांदेडला त्यांच्या दोन खोल्यांत तिनं शिलाई मशीन टाकली आणि महिन्याभरात गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज तिच्याकडे यायला लागले.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. कृत्रिम पाऊस पाडायचा म्हणून एका खासगी कंपनीचं छोटं विमान काही आठवडे तिथं मुक्कामाला आलं. ढगात जाऊन मीठ फवारायचं, त्यासाठी आधी ढगात किती पाणी आहे ते बघायचं, आणि ते बघायचं रडार विमानाच्या नाकात बसवलेलं. नाकावरचं टोपण धातूचं नसतं, म्हणजे लहरी त्यातून आरपार जातात. हे सगळं भाऊ मला तेव्हा फोनवर उत्साहानं सांगायचा. कुंपणाशी माणसं विमान बघायला येऊन उभी राहायची आणि ह्याला वाटायचं, पाऊस आणणाऱ्या विमानाची चाकं आपण अडवतो.

पुढचं मला त्या दिवशी बाकावर कळलं.

रडारची चाचणी जमिनीवर करायची असली की विमानाचा तंत्रज्ञ समोर दूरपर्यंत लाल शंकू मांडायचा आणि सगळ्यांना बजावायचा, की मी आत असेपर्यंत शंकूंच्या आत कुणी यायचं नाही. त्या दुपारी शंकू होते. भावानं ते पाहिलेही होते. पण वारा सुटला आणि पुढच्या चाकाचा एक ठोकळा सरकल्यासारखा त्याला दिसला. विमान हललं तर, म्हणून तो पळत गेला, वाकून ठोकळा हातानं आत दाबला आणि उठून उभा राहिला तो बरोबर नाकासमोर. नाकावर धूळ बसली होती. त्यानं खिशातला रुमाल काढून ती पुसली. एवढ्या जवळून त्यानं ते नाक आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून थोडा वेळ तिथंच थांबला. तंत्रज्ञाचं लक्ष आतल्या पडद्यावर होतं. हा दिसला तशी त्यानं काच बडवली आणि रडार बंद केलं. खाली उतरून त्यानं विचारलं, गरम लागलं का, काही होतंय का. मग म्हणाला, काही होणार नाही, पण पुन्हा असं करू नको.

तेवढ्यावर संपलं असतं. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर बरोबरचा एक जण हसत म्हणाला, आता घरात पाळणा बांधायचं विसर गड्या. बाकीचेही हसले. भाऊही हसला. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोन केला.

"म्या इचारलं, आक्का, रडारच्या म्होरं उभं राहिलं तर माणसाला काय होतंय? तू म्हणलीस, किरणं असत्यात ती, वाईटच. आत जाऊन बसत्यात. जन्मभर निघत न्हाईत. असल्या ठिकाणी कशाला मरायला जातूस? मग म्हणलीस, पोरं थांबल्यात, ठिवते."

मला तो फोन आठवत नाही. बाकावर बसून मी खूप आठवून पाहिलं, आजही पाहते. प्रॅक्टिकलचे दिवस असतील, समोर मुलं जर्नल घेऊन उभी असतील, मी खांद्याशी फोन धरून सह्या करत असेन. पण शब्द माझेच आहेत, हे मला ऐकताक्षणी कळलं. असं मी बोलते. धाकट्या भावाला दटावायचं असलं की मी गोष्ट आहे त्याहून मोठी करून सांगते.

आणि ते खोटं होतं. मी दरवर्षी बारावीला शिकवते, की क्ष-किरण वेगळे आणि रडारच्या लहरी वेगळ्या. रडारची लहर आत जाऊन बसत नाही, साठत नाही. तापवते, आणि बंद केली की संपली. फळ्यावर डावीकडून उजवीकडे सगळ्या लहरी ओळीनं लिहून मी मुलांकडून हे घोकून घेते. भावाला मात्र मी रडारऐवजी क्ष-किरणांची आणि अणुभट्टीची भीती सांगितली, कारण मला घाई होती.

मी त्याला विचारलं, की परत का नाही विचारलंस? दुसऱ्या कुणाला का नाही?

"तू सांगितल्यावर आणिक कुणाला इचारायचं?" तो म्हणाला. "तो मेकॅनिक म्हणला व्हता काय होत न्हाई म्हणून. पण ते कंपनीचं माणूस. तू घरची."

* * *

त्याच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. त्यानं मनाशी धरलं, की आपल्या अंगात काहीतरी शिरलं आहे आणि ते आता बायकोत जाईल, मूल झालंच तर मुलात जाईल. त्यानं तिला काही सांगितलं नाही. आधी म्हणाला, दोन वर्षं थांबू. मग आपलं अंथरूण पुढच्या खोलीत टाकायला लागला. विमानतळाचं काम सोडलं आणि एका गोदामात लागला. आम्हाला सांगितलं, की तिथं पगार बरा आहे.

तिसऱ्या वर्षी आईनं धोसरा लावला. सून आणि मुलगा दोघं नांदेडला एकटे, हातापायांनी धड, मग मूल का नाही? आईच्या बोलण्याचा रोख सुनेवरच असायचा. मी शिकलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी भावजयीला लातूरला बोलावून घेतलं आणि स्त्रियांच्या डॉक्टरकडे नेलं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. एका ठिकाणी सुई टोचताना तिनं माझा हात धरला तो तपासणी होईपर्यंत सोडला नाही. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाल्या, आता नवऱ्याला घेऊन या. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, गोदामात माल यायलाय, जमायचं न्हाई. पुढच्या महिन्यातही माल येत होता.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर भांडी विसळताना भावजय माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आक्का, ते मला शिवत बी न्हाईत."

मी तिची थोरली नणंद. तिनं हे मला सांगितलं म्हणजे तिला किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला नुसता संकोच वाटला. मी म्हटलं, जरा नीटनेटकी राहत जा. दिवसभर मशीनवर बसून दोऱ्या-चिंध्यांनी भरलेली असतेस. तो यायच्या वेळेला चांगली साडी नेसत जा. ती मान हलवून हाव म्हणाली.

भावाशीही मी बोलले. तो जमिनीकडे बघत ऐकून घ्यायचा. तुझं बाहेर कुठं काही आहे का, असंही मी त्याला विचारलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एवढंच. आज वाटतं, त्या वेळी त्याच्या तोंडाशी आलं असेल. पण मी विचारलं होतं भलतंच.

लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा ती देवणीला गेली आणि परत आली नाही. तिचा भाऊ आणि माझा भाऊ एकदा बोलायला बसले. भांडण झालं नाही. माझा भाऊ एवढंच म्हणाला, की तिची काही चूक न्हाई, तिला दुसरीकडं द्या. लोकांना ते फार विचित्र वाटलं. आईला तर अपमान वाटला. मशीन तिची होती, ती त्यानंच टेम्पोत घालून स्वतः देवणीला पोचवली. पुढं दोन वर्षांनी उदगीरला तिचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. आई गेली ती शेवटपर्यंत सुनेलाच दोष देत गेली, आणि मी आईला कधी थांबवलं नाही.

* * *

डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणून सांगितलं. त्याला दोन महिने लागले, तेवढ्यात मी रडारबद्दल मिळेल ते वाचलं. जे मला आधीच माहीत होतं तेच सगळीकडे होतं. पण आता माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, आणि भावाचा राहावा अशी अपेक्षाही नव्हती. म्हणून मी एका सहकाऱ्याच्या ओळखीनं नांदेडमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त तंत्रज्ञांचा पत्ता काढला. त्यांची सगळी नोकरी विमानांची रडारं दुरुस्त करण्यात गेली होती. एका रविवारी मी नांदेडला गेले आणि भावाला घेऊन त्यांच्या घरी पोचले.

सत्तरीचे गृहस्थ, अंगात बनियन, अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि भावाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. विमान केवढं होतं आणि तोंडाला ऊब लागली होती का.

ते म्हणाले, भिण्यासारखं त्यात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. आम्ही जुन्या यंत्रांवर काम केलं, त्यांची ताकद मोठी असायची. चालू रडारसमोर माणूस उभा करायचा नाही, तेल भरत असताना लावायचं नाही, इमारतीकडे तोंड करून लावायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. डोळे आणि पुरुषाचं अंग ह्या दोन जागा लवकर तापतात, म्हणून त्यांची भीती घालायचे, आणि ती घालणं बरोबरच होतं. पण तुम्ही सांगता तसल्या लहान विमानातलं रडार फार कमी ताकदीचं. त्याची तबकडी सारखी डावी-उजवी फिरत असते, म्हणजे झोत तुमच्यावर टिकून राहत नाही. दोन-तीन मिनिटांत तुम्हाला साधी ऊबही लागली नाही. आणि समजा, थोडं तापलंही असतं, तरी पुरुषाचं बी काही महिन्यांत पूर्ववत होतं. बायकोला लागण होणं वगैरे तर नाहीच. ते काही रोगाचं बीज नव्हे.

भावानं विचारलं, "तुमाला लेकरं हायत का?"

"तीन आहेत," ते म्हणाले. "आणि मी चाळीस वर्षं हेच काम केलंय."

त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, की तुमच्या त्या तंत्रज्ञानं तुम्हाला तेव्हा हे सांगितलं नव्हतं का? भाऊ म्हणाला, "सांगितलं व्हतं." माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. ते पाहणं त्यानं टाळलं, हे मला फार लागलं.

परत येताना आम्ही रिक्षा केली नाही, चालत निघालो. ऊन होतं. त्याला समोरचं धड दिसत नव्हतं म्हणून मी त्याचा दंड धरला होता. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. मला वाटलं, साखर उतरली. पिशवीतलं बिस्किट काढायला लागले तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

"त्या सालीच तपासून घेतलं असतं तर?" तो म्हणाला.

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

"भ्या वाटायचं, आक्का. कागदावर लिहून आलं म्हणजे मग संपलंच की. कागद नसला तर निदान..." त्यानं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "तिला सांगशील का? तिच्यात काय दोष नव्हता म्हणून. म्या सांगितलं तर तिच्या घरी बरं दिसायचं न्हाई."

मी त्याची माफी मागितली. तिथं पायरीवर, येणारे-जाणारे बघत असताना. तो म्हणाला, तुला काय म्हाईत म्या इतकं धरून बसीन. तो मला समजावत होता, आणि मी रडत होते, हेही उलटंच झालं.

* * *

उदगीरला मी पुढच्या आठवड्यात गेले. तिचा नवरा एका डाळ मिलमध्ये कामाला आहे. तिला आधी फोन केला होता, तरी दार उघडल्यावर ती क्षणभर गोंधळली. मग तिनं जयभीम घातला, पदर सावरला आणि मला आत घेतलं. घर लहान, झाडून-पुसून लख्ख. कोपऱ्यात तीच मशीन. चार वर्षांची मुलगी खाली बसून चिंध्यांचे ढीग लावत होती, लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे. ती माझ्याकडे एकदा बघून पुन्हा कामाला लागली.

मी सगळं सांगितलं. विमानाचं, टपरीवरच्या हसण्याचं, माझ्या फोनचं. माझ्या फोनचं सांगताना शब्द मऊ करायचे नाहीत, असं मी बसमध्येच ठरवलं होतं. भावजय, म्हणजे आता माझी कुणी नसलेली ती बाई, मांडीवरच्या ब्लाऊजला हुक लावत ऐकत होती. सुई थांबत नव्हती. माझं सांगून झाल्यावर तिनं दातानं दोरा तोडला.

"मला वाटायचं, माझ्या अंगाचा वास येत असंल त्यास्नी," ती म्हणाली. "तीन साबण बदलले म्या. दिवसातनं दोनदा नहायची. तुमी म्हणला व्हता की, नीट राहत जा. मग तर खरंच वाटलं."

मला तिच्याकडे बघवेना. मी तिच्या मुलीच्या चिंध्यांकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं ती उठली, चहा ठेवला. स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली, "त्येनी एकडाव सांगायचं व्हतं मला. म्या म्हणले असते, लेकरू न्हाई तर न्हाई. माणूस चांगलं व्हतं."

चहा देताना तिनं त्याच्या डोळ्यांची चौकशी केली. ऑपरेशनच्या वेळी जवळ कोण राहणार, असं विचारलं. मी राहणार म्हटल्यावर बरं म्हणाली. नवरा यायच्या आत मी निघावं, असं तिला वाटत असावं, पण तिनं तसं दाखवलं नाही. निघताना मुलीला म्हणाली, आत्याला टाटा कर. मग तिच्याही ध्यानात आलं, की मी त्या मुलीची आत्या नव्हे.

* * *

ऑपरेशनं झाली, आधी उजव्या डोळ्याचं, मग महिन्यानं डाव्याचं. दोन्ही वेळा तो माझ्याकडे लातूरला राहिला. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचलं, खालच्या बारीक अक्षरांतल्या तिथ्यांसकट. मग मला म्हणाला, तू लई वाळलीस गं. दोन वर्षांत त्यानं मला नीट पाहिलंच नव्हतं.

उदगीरचं त्यानं त्याच दिवशी विचारलं. मी त्याला तिचं ते वाक्य सांगितलं, लेकरू न्हाई तर न्हाई म्हणाली असती ते. ते सांगायचं का नाही, ह्याचा मी फार विचार केला होता. पण त्याच्यासाठी काय ऐकणं बरं आणि काय नाही, हे ठरवायचा हक्क मी गमावून बसले होते. साबणाचंही सांगितलं. तो खिडकीशी उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, की लेकरू कुणावर गेलंय. मी म्हटलं, तिच्यावर. तशीच बारीक, सावळी.

"बरं झालं," तो म्हणाला.

पुढं मी एकदा त्याला लग्नाचं विचारलं. आता भीती नाही, वयही काही फार नाही, आमच्यात विधवा, सोडलेल्या चांगल्या बायका आहेत. तो म्हणाला, न्हाई आक्का, आता एकट्याची सवय झाली, दुसऱ्या माणसासंगं आता जमायचं न्हाई. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तो नांदेडला आहे. त्याच गोदामात, आता हिशेबाच्या खिडकीवर, कारण वजन उचलायला डॉक्टरांनी मना केलंय. दर रविवारी फोन करतो. साखर किती आली ते सांगतो, माझ्या गुडघ्यांचं विचारतो. मागच्या रविवारी म्हणाला, आंबे सुरू झालेत, दोन फोडी खाल्ल्या तर चालतंय, डॉक्टरला विचारून घेतलंय. हल्ली तो डॉक्टरलाच विचारतो. कधी औषधाच्या दुकानात विचारतो, कधी दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतो. ते चांगलंच आहे. मी त्याला तसंच करायला सांगितलं असतं, पण तेही त्यानं मला विचारलेलं नाही.